आंबा घाटावरचा वाघ आणि एक शेरेबुक

वाघ पाहण्यासाठी रत्नागिरीच्या माणसाने विदर्भापर्यंत जाण्याचे कारण नाही, पहाटेच्या कोल्हापूर गाडीने निघाल्यास तो आंबा घाटाच्या माथ्यावर दुपारच्या आत भेटतो, असे आमचे स्नेही वामनराव वर्षभर सांगत होते. वामनरावांचे कापडाचे दुकान आहे. मागील वर्षी ते मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन आंब्याच्या रानात गेले, आणि तेथे त्यांना पट्टेरी वाघ दिसला. तेव्हापासून त्यांच्या दुकानात लुगडे घेणाऱ्या बाईला लुगड्याबरोबर वाघही ऐकावा लागे.

माझा व्यवसाय कौलांच्या वखारीची व्यवस्था पाहण्याचा. शिक्षण वाणिज्य शाखेचे, वय त्रेपन्न. बोटाने वाजवून पाहिल्याखेरीज कौल अखंड म्हणून मोजायचे नाही, ही सवय मला वाघाच्या बाबतीतही सोडवेना. मी वामनरावांना विचारी, "किती अंतरावर होता? तोंड कोणीकडे होते?" ते म्हणत, "अण्णा, वाघ पाहताना कोणी टेप लावतो का?" अखेर माझी पत्नी सुधा हिने एका रविवारी आमटीला फोडणी देता देता निकाल दिला. "आपण जाऊन पाहू. वाघ नसला तर डोंगर तरी असेलच."

शिमग्याच्या आधीचा रविवार ठरला. या सहलीसाठी फाल्गुनाची सुरुवात उत्तम. सकाळी हवेत गारवा असतो, पाणवठे आटत आल्यामुळे जनावरे उरलेल्या झऱ्यांवर येतात, आणि वाटा कोरड्या असतात. कोल्हापूरची पहिली एस.टी. रत्नागिरीच्या स्थानकातून पहाटे साडेपाचला सुटते. आदल्या दिवशी आरक्षण केले नाही तरी चालते, मात्र पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. भाडे माणशी दहा रुपयांच्या आत. हातखंबा, पाली, नाणीज असे करत गाडी उजाडताना साखरप्याला येते आणि तेथे दहा मिनिटे थांबते. कांदाभजी गरम मिळाली तर घ्यावी, चहा मात्र एकाच भांड्यात सकाळपासून उकळत असल्याने विचार करून घ्यावा. वामनरावांनी विचार न करता दोन कप घेतले. त्यांच्या गळ्यात नव्या कातडी पेटीतला कॅमेरा होता आणि अंगात त्याहून नवा पांढराशुभ्र टेरिकॉटचा बुशशर्ट.

साखरप्यापुढे घाट सुरू होतो. दरी कधी या खिडकीला येते, कधी त्या, तेव्हा जागेसाठी वाद घालू नये. जांभ्या दगडाचे तांबडे सडे, म्हणजे उघडी पठारे, खाली राहतात, काळा कातळ वर येतो, आणि काजूकलमांच्या जागी दाट, थंड झाडी सुरू होते. माथ्यावरच्या आंबा गावी आम्ही आठ वाजून दहा मिनिटांनी उतरलो. घाट चढला की भाषाही बदलते. आम्हांला घ्यायला आलेला वाटाड्या म्हणाला, "आला न्हवं का येळंवर? चला मग, ऊन तापायच्या आत."

हा जानू कोकरे. साठीचा धनगर, अंगाने काटक, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, कंबरेला कोयता. त्याचा सगळा जन्म याच रानात गेला आहे. बाहेरून आलेल्या माणसांना तो दिवसभर रान दाखवतो. आंब्याच्या शाळेतील गुरुजींना आठवडाभर आधी पत्र टाकले की ते जानूला निरोप देतात. त्याच्या धनगरवाड्यापर्यंत कच्चा रस्ता असल्याने जीप सांगावी लागते, ती तिघांत वाटून घेतली की जड जात नाही.

जीपमध्ये बसण्यापूर्वी जानूने आम्हांला नीट न्याहाळले आणि नियम सांगितले. रानात बोलायचे नाही. विडी-सिगारेट नाही. ज्याला पाहायला आलो त्याचे नाव रानात घ्यायचे नाही, 'त्यो' म्हणायचे. मग तो वामनरावांच्या बुशशर्टापाशी थांबला.

"ह्ये काय बगळ्यावानी?"

"बारा महिने टिकतं, इस्त्री लागत नाही," वामनराव दुकानात सांगतात तसे म्हणाले.

"त्येला बी लांबनं दिसंल," जानू म्हणाला आणि स्वतःची घोंगडी काढून त्याने वामनरावांच्या अंगावर टाकली. घोंगडीला मेंढ्यांचा वास येत होता. सुधाने पदर तोंडाला लावला, पण तो वासासाठी नव्हता.

अर्ध्या तासाने जीप धनगरवाड्यावर पोहोचली. पाच-सहा घरे, मधे गोठे, पलीकडे उतरता डोंगर आणि त्यावर गर्द रान. कडेच्या झाडांच्या बुंध्यांची साल हातभर तासून तेथे तांबड्या रंगाने आकडे घातलेले होते. मी सवयीने वाचत गेलो. एकशे चार, एकशे पाच, एकशे सहा. अंक सुबक होते आणि क्रम कोठेही चुकलेला नव्हता. "कोणी केले हे काम?" मी कौतुकाने विचारले. "फार नीटनेटके आहे."

जानू सरळ आपल्या घराकडे वळला. त्याच्या सुनेने ताक आणून दिले. ते झाल्यावर जानूने पत्र्याच्या ट्रंकेतून एक जाड वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पुठ्ठ्यावर गुरुजींच्या अक्षरात 'शेरेबुक' असे लिहिले होते. आलेल्या प्रत्येक मंडळीने परतताना त्यात अभिप्राय लिहावा, अशी ही व्यवस्था.

"तुमी नीट वाचनारं दिसता," तो म्हणाला. "वाचा मोठ्यानं."

मी वाचू लागलो. 'वाघ पाहिला. फार समाधान झाले.' 'जानूभाऊंनी वाघ दाखवला, त्यांचे आभार.' 'सहकुटुंब व्याघ्रदर्शन झाले.' लांज्याची मंडळी, संगमेश्वरची मंडळी, देवरूखचे शिक्षक. पानामागून पान वाघच वाघ. आणि मग ओळखीचे, लांबलचक फाटे मारलेले अक्षर आले. 'साक्षात वनराज पंचवीस पावलांवर उभे राहिले. जन्माचे सार्थक झाले.' खाली वामनरावांची सही.

"ह्या समद्यांत," जानू म्हणाला, "खरं बगितल्यालं कोन बी न्हाई."

मी वामनरावांकडे पाहिले. घोंगडीत ते एकाएकी लहान दिसू लागले.

"अण्णा, तसं नाही," ते म्हणाले. "दिवसभर हिंडवलं बिचाऱ्याने. काट्यांत हात फाडून घेतला आमच्यासाठी. संध्याकाळी तोंड एवढंसं करून बसला, म्हणाला, आज काय दावता आलं न्हाई. मग वही पुढे केली. आता त्यात 'काही दिसले नाही' असं कसं लिहिणार? भीड वाटते की नाही माणसाला?"

"आणि दुकानात वर्षभर सांगत होतात ते?"

"वहीत लिहिल्यावर दुसरं काय सांगणार?"

कोकणी माणसाची भीड मला परकी नाही. यजमानाच्या घरचे खारट पिठलेसुद्धा आम्ही 'छान झाले आहे' म्हणून संपवतो. देवरूखचे शिक्षक, लांज्याची मंडळी, सर्वांनी हेच केले होते. जानूला वाचता येत नाही. लोक हसतमुखाने सही करतात एवढेच त्याला दिसे, आणि वाटेत पाहिलेल्या खुणांबद्दलच ते लिहीत असतील, असे तो धरून चालला होता.

त्याने मग सारे सांगितले. समोरचा डोंगर खासगी मालकीचा आहे. मालकाने त्यावरची झाडे कोळशासाठी एका ठेकेदाराला दिली आहेत. आकडे त्या तोडीचे. वनखात्याच्या साहेबाची सही झाली की कुऱ्हाड चालणार. गेल्या पावसाळ्यानंतर या डोंगरात खरोखरच एक वाघीण येऊन राहिली आहे. जानूने तिला दोनदा पाहिले. तो साहेबाकडे गेला, म्हणाला, रान तोडू नका, हितं ती हाय. पुरावा म्हणून त्याने मोठ्या अभिमानाने शेरेबुक पुढे केले. साहेबाने दहा पाने वाचली आणि हसून विचारले, "जानू, तुझा वाघ रोज अकरा वाजता हजेरी लावायला येतो काय?"

"मंगळवारी साहेब येनार," जानू म्हणाला. "आकडे बगनार, सही करनार. तुमच्यावानी भल्या मानसांनीच माझी वाघीन मारली."

रानाबाहेर होतो, म्हणून त्याने नाव घेतले.

साडेनवाला आम्ही उतरू लागलो. पुढे जानू, मागे मी, मग सुधा, शेवटी घोंगडीतले वामनराव. वाट निसरडी नाही, पण पायांत बूट हवेत. सुधा चपलांवर आली होती, ती चूक. सावली इतकी दाट की बाहेरचे ऊन विसरायला होते. एके ठिकाणी वाटेच्या कडेला शेंदूर लावलेला दगड होता, त्यावर जनावराची ओबडधोबड आकृती. जानूने तेथे चार पाने वाहिली. सुधाने पिशवीतली सुपारी काढून ठेवली. आकडे मात्र येथेही होते, तीनशेच्या पुढचे. सकाळी ज्यांचे कौतुक केले त्यांच्याकडे आता मला पाहवेना.

सुमारे तासाभराने झरा आला. झरा म्हणजे हातभर रुंदीची पाण्याची रेघ आणि दोहों बाजूंना ओला, काळा चिखल. जानू थबकला आणि त्याने बोट खाली केले. चिखलात ठसे होते. चार बोटे, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही.

माझ्या खिशात वखारीचा टेप असतोच. मी वाकलो. जानूने मागे सरून जागा दिली. पहिला ठसा रुंदीला पावणेपाच इंच भरला. बिबट्याचा ठसा साडेतीन इंचांच्या वर सहसा जात नाही, हे निघण्यापूर्वी मी ग्रंथालयात पाहून ठेवले होते. तो आकडा वहीत लिहिला. मग दुसरा ठसा. मग दोन पावलांतले अंतर. मग खोली, चारही कडांनी, कारण चिखल एका बाजूस सैल होता. मध्ये मी हलक्या आवाजात म्हणालो, "सुधा, टेपचे टोक धर." ती आली नाही. वामनरावांना म्हणालो, तेही हलले नाहीत. रानात बोलायचे नाही हा नियम दोघे इतक्या कसोशीने पाळत आहेत, याचे मला बरे वाटले. टोक दगडाखाली दाबून मी चौथा ठसा पुरा केला आणि उठलो.

तिघेही माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत होते. वामनरावांचा हात कॅमेऱ्याच्या पेटीच्या बटणावर होता आणि बटण लागलेलेच होते.

"गेली," सुधा म्हणाली.

पलीकडच्या करवंदीच्या जाळीत एक पान हलत होते. मी ते पान पाहिले. एवढेच मी पाहिले.

"मला हात का लावला नाहीस?"

"तुम्ही हलला असतात तर ती गेली असती," सुधा शांतपणे म्हणाली. "लहान मूल खेळताना बघावं तशी बघत होती तुमच्याकडे."

जानू पाणी ओलांडून गेला आणि त्याने मला बोलावले. जाळीच्या अलीकडे तसाच ठसा होता, पण त्यात पाणी अजून झिरपून भरत होते. मी ज्या जागी ओणवा होतो तेथपर्यंत टेप धरला. अंतर एकोणीस फूट. तो आकडा माझ्या वहीत अजूनही वाकडा आहे.

जानूने काठीने दोन चांगले ठसे वेगळे केले, भोवती सपाट दगड रचले, त्यांवर कारवीच्या फांद्या आणि वरून एक मोठा कातळाचा तुकडा ठेवला, म्हणजे गुरांचा पाय किंवा दुसऱ्या जनावराचा पंजा त्यावर पडू नये. "मंगळवारपतुर ऱ्हायला पायजे," तो म्हणाला. एवढ्या काळजीने बाळंतिणीची खोलीही कोणी बंद करत नसेल.

वाड्यावर परतून आम्ही डबा सोडला, घावने आणि ओल्या काजूंची उसळ. जानूच्या सुनेने नाचणीच्या भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. जेवणाची वेगळी व्यवस्था तेथे नाही, तेव्हा डबा नेणे इष्ट. ठेचा अर्ध्या चमच्याहून अधिक घेऊ नये.

मग शेरेबुक पुढे आले.

"लिवा, आज खरं दिसलं म्हून," जानू मला म्हणाला.

"मला दिसले नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. "पाव्हणं, आज तरी."

"मी मोजले ते लिहीन. जे पाहिले नाही ते लिहिणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांनी आपापले लिहावे."

मी लिहिले. तारीख, वेळ, जागा, चार ठशांची मापे, पावलांतले अंतर, ताज्या ठशापर्यंतचे अंतर. खाली एक ओळ: 'वाघ मी स्वतः पाहिला नाही. तो येथे असताना माझी पाठ त्या बाजूस होती.' त्याखाली सुधाने स्वतःच्या हाताने लिहिले. मी तिला उलटसुलट विचारले, पट्टे की ठिपके, शेपटी कशी, किती वेळ, आणि तिने एकही उत्तर फिरवले नाही. "किती वेळ?" याला ती म्हणाली, "तुम्ही एक ठसा मोजून पुढच्याकडे सरकलात, तेवढा."

वामनरावांनी पेन उघडले. जानूने वहीवर तळहात ठेवला.

"तुमी नगा लिवू."

"अरे, मी आज खरंच पाहिली. माझ्या लेकराची शपथ."

"व्हय. पर मागल्या साली बी तुमीच बगितलीती. साहेब पान उलटंल, तीच सही बगंल, आनि ह्या वैनींचं बी खोटं म्हनंल."

वामनराव माझ्याकडे पाहू लागले. उपाय मला ठाऊक होता आणि तो त्यांना आवडणार नव्हता. "वहीत चुकीची नोंद झाली तर खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही," मी म्हणालो. "मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचे आणि सही करायची."

"कारण काय लिहू?"

"जे आहे ते."

"अण्णा, उद्या हे रत्नागिरीत कळलं तर? दुकानात माझ्या तोंडावर हसतील लोक."

"कळेल," मी म्हणालो.

त्यांनी घोंगडी अंगावरून काढून घडी केली. कापडवाल्याची घडी, कोपऱ्याला कोपरा. दाराबाहेर डोंगर उतरत गेला होता आणि कडेच्या झाडांवरचे आकडे बसल्या जागेवरून वाचता येत होते. मग त्यांनी मागील वर्षीचे पान काढले, 'साक्षात वनराज' पासून 'सार्थक' पर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिले: 'वरील मजकूर खोटा आहे. त्या दिवशी मी काहीही पाहिले नव्हते. जानूला वाईट वाटू नये म्हणून लिहिले.' सहीला या वेळी फाटे नव्हते.

"आता आजचं लिहू का?" त्यांनी विचारले.

"आता लिवा," जानू म्हणाला.

संध्याकाळची रत्नागिरी गाडी आंब्याला पावणेपाचला येते. गर्दी असते. साखरप्यापर्यंत उभे राहावे लागले. आठ वाजता घरी पोहोचलो.

बारा दिवसांनी जानूचे कार्ड आले, गुरुजींच्या अक्षरात. साहेब मंगळवारी आले. त्यांनी दगड बाजूला करून ठसे पाहिले, माझी मापे पुन्हा मोजली, मग उंबऱ्यावर बसून शेरेबुक वाचले. माझी ओळ वाचून म्हणाले, "या वहीत पहिल्यांदाच कोणाला वाघ दिसलेला नाही." वामनरावांची रेघ त्यांनी बराच वेळ पाहिली. सही त्यांनी केली नाही. तोड थांबली आहे. पुढे काय होईल ते गुरुजींनाही सांगता येत नाही, पण झाडे उभी आहेत, आणि जानूला रानावर लक्ष ठेवण्याचे काम मिळाले आहे.

कार्डाच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. वाघीण आहे असे ठरल्यामुळे झऱ्याची वाट बाहेरच्यांना बंद केली आहे. वाड्यापुढे कोणालाही सोडायचे नाही, असा हुकूम आहे आणि तो जानूनेच पाळायचा आहे.

तेव्हा ज्या वाचकांनी वर गाड्यांच्या वेळा टिपून घेतल्या असतील त्यांची मी क्षमा मागतो. आंब्यापर्यंत अवश्य जावे, हवा उत्तम आहे, घाट सुंदर आहे, विशाळगडाची वाट मोकळी आहे. वाघ मात्र या वाटेने आता दिसणार नाही, आणि त्यास काही अंशी मी कारण आहे. वामनराव दुकानात गिऱ्हाइकांना आता खरे सांगतात, की मागील वर्षीचा वाघ खोटा होता आणि यंदाचा खरा. लोक ऐकून घेतात आणि मागील वर्षीचाच पुन्हा सांगायला लावतात.

मी अधूनमधून स्वतःला विचारतो की पुढचा ठसा मोजायचे सोडून मान मागे वळवली असती तर काय बिघडले असते. उत्तर दर वेळी निराळे येते. घरी कोणी आले आणि वाघाची गोष्ट निघाली की मी सुधाला हाक मारतो. ती हात पुसत बाहेर येते आणि उभ्या उभ्या सांगते, पिवळी होती, उन्हात आल्यावर जास्त पिवळी झाली, कान हलवला, मग वळून निघून गेली. त्यापुढे ती एक शब्द वाढवत नाही. पाहुणे मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. मी मात्र ती सांगत असताना दर वेळी तिच्या तोंडाकडे पाहत राहतो.